पाचव्या शीलावर उठलेली कळ

प्रेमानंद मेश्राम वाचले. दीक्षाचं साक्षगंधही झालं. आणि ज्या धाकट्या भावाला त्यांनी अकरा वर्षं घराच्या फाटकाबाहेर ठेवलं होतं, त्याच्याच खांद्याला धरून ते वॉर्डातल्या संडासापर्यंत चालत गेले आणि परतही आले.

यातलं काहीही घडलेलं नाही असं धरून चालावं. मेश्रामांच्या घरात चांगलं काही झालं तरी ते अजून व्हायचंच आहे असं सगळे धरून चालतात. आणि त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तर ते खरोखरच घडलेलं नव्हतं. तेव्हा जयताळ्याच्या घरासमोरच्या मांडवात दीडशे माणसं हात जोडून बसली होती. समोर मुलगी दीक्षा, शेजारी खाप्याहून आलेला तिचा होणारा नवरा अमोल गजभिये, आणि मध्ये उभे राहून प्रेमानंद सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेत होते.

पहिली चार शीलं नीट पार पडली. पाचवं दारूचं. प्रेमानंद 'सुरामेरय' एवढंच म्हणाले. मग त्यांचा चेहरा मुरलेल्या लिंबासारखा आकसला, दोन्ही हात बेंबीच्या वर गेले आणि ते कमरेतून पुढे वाकले. दीडशे माणसांनीही 'सुरामेरय' म्हटलं आणि पुढच्या शब्दाची वाट पाहिली. मागच्या रांगेतले दोघं-तिघं, असंच करायचं असेल म्हणून, पुढे वाकलेही.

पुढचा शब्द आला नाही. उलटी आली.

हीच कळ चोरीच्या शीलावर उठली असती तर लोकांनी ती गॅस म्हणून सोडून दिली असती. पण प्रेमानंद वस्तीच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते. हिंगण्याच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. माल एक तर पास, नाही तर नापास. निवृत्तीनंतर तोच हात त्यांनी माणसांवर चालवला. वस्तीत कुठलंही कार्य असो, फाटकावर प्रेमानंद उभे असत आणि आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला "हा कर" म्हणत. तो हा करी, हे हुंगत. नापास झालेल्यांना मांडवाबाहेर पाण्याच्या टँकरजवळ बसवत. त्यांचं ताट तिथे जाई, मान जात नसे.

त्या सकाळी त्यांनी वरबापालाही, म्हणजे इवाई मनोहरराव गजभिये यांनाही, हा करायला लावलं होतं. मनोहरराव पास झाले. त्यांचा साळा टँकरजवळ गेला. आणि धाकटा भाऊ धोंडबा, ज्याला दीक्षानं कोणाला न सांगता बोलावलं होतं, त्याला तीनदा हा करावं लागलं.

"चार वर्ष झाले सोडून, दादा," धोंडबा म्हणाला.

"पुन्हा कर."

वास आला नाही. प्रेमानंदांनी त्याला पास केलं नाही, नापासही केलं नाही. कारखान्यात संशयित माल वेगळा ठेवतात तसा होल्डवर ठेवला. त्यामुळे मोठ्या भावाला कळ आली तेव्हा धोंडबा फाटक आणि टँकर यांच्या बरोबर मध्ये, उन्हात उभा होता.

*

आतल्या खोलीत इंदूबाईचं निदान तोवर झालंसुद्धा होतं. इंदूबाई प्रेमानंदांची मोठी बहीण, कुहीची. बेंबी सरकलेल्या माणसाला उताणं पाडायचं, बेंबीवर कणकेच्या गोळीत पेटता दिवा ठेवायचा आणि वर पितळी लोटा पालथा घालायचा. दिवा विझतो, लोटा पोट धरतो आणि बेंबी जागेवर येते. कुही तालुक्यात आपल्या हातानं आठशे बेंब्या बसल्या असं ती सांगे. त्यातली एकही परत सरकून आली नव्हती, निदान तिच्याकडे तरी.

"उताणा पड गा."

"बाई, उताणं पडवत नाही. पाठीत घुसून राहिलं."

"बोंबी सरकली की पाठीतच जाते. दुसरीकडं जाईन कुठं ते?"

प्रेमानंद उताणे पडले. दुखणं दुप्पट झालं. तरीही त्यांना हे निदान आवडलं होतं. नाभी कोणाचीही सरकते. त्यात चारित्र्याचा काही संबंध नसतो. भंतेजींची सरकू शकते, कलेक्टरची सरकू शकते. त्यांनी दात खाऊन लोटा सहन केला आणि पुन्हा एकदा ओकले, या वेळी नुसतं हिरवं पाणी.

त्यांची बायको सुभद्रा पायाशी बसून मनाशी हिशेब जुळवत होती. दोन वर्षं झाली, तेलकट खाल्लं की हा माणूस उजव्या बरगडीखाली हात धरून अंगणात फेऱ्या मारी आणि विचारलं की "गॅस" म्हणे. आज सकाळी तर आचाऱ्याच्या कढईजवळ उभं राहून त्यानं अकरा वडे खाल्ले होते. एका वड्यावरून घाणा पास करता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

"बाई, लोटा काढा आता," सुभद्रा म्हणाली. "माणूस निळा पडून राहिला."

"अर्ध्यावर काढला तर बोंबी मधातच राहीन."

तेवढ्यात धोंडबा आत आला. त्याला आत यायची परवानगी नव्हती, पण होल्डवरच्या मालाकडे बघायला फाटकावर आता कोणी उरलं नव्हतं. तो दारातच थांबला. भावाकडे एकदा पाहिलं आणि सरळ येऊन त्यानं लोट्याला हात घातला. लोटा पक् आवाज करून निघाला.

"दादा, उठून बस. पुढं वाक. ही उशी पोटाशी धर, अन् वाकूनच राह्य."

प्रेमानंद वाकले. दुखणं गेलं नाही, पण थोडं मागे सरकलं.

"पडलं ना बरं जरासं?"

आराम पडला होता, आणि आराम पडला हेच वाईट झालं होतं.

"एकदम सुरू झालं?"

"एकदम."

"वरच्या पोटात? अन् तिथून पाठीत, आरपार? उलटी होऊनही मोकळं वाटत नाही?"

"नाही."

"वहिनी, गाडी काढाले सांगा," धोंडबा म्हणाला. "हे माहंच दुखणं हाय."

धोंडबाचं दुखणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. स्वादुपिंडाला आलेली सूज. दोनदा आली होती, दोन्ही वेळा दारूनं. मेश्रामांच्या घरात त्या अवयवाला स्वतःचं नावच नव्हतं. त्याला 'धोंडबाचं ते' म्हणत. आता ते प्रेमानंदांच्याही पोटात निघालं होतं.

"मले बोंबीच हाय," प्रेमानंद उशीत तोंड खुपसून म्हणाले.

दारात मनोहरराव उभे होते. ते प्रकृतीची चौकशी करायला आले होते आणि चौकशी न करताच त्यांना सगळं कळलं होतं.

"पाचव्या शीलावरच अडकले," ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही. मी फक्त सांगून राहिलो."

*

प्रेमानंद दवाखान्यात जायला तयार होईनात. "गेलो की पहिलं तेच विचारतीन. समितीच्या अध्यक्षाले तेच झालं, असं उद्या वस्तीभर होईन. त्यापेक्षा इथंच बसतो मी."

"बसून मरसान," सुभद्रा म्हणाली.

"पण बोंबीनं मरीन."

शेवटी दीक्षा आली. साक्षगंधाचा हिरवा शालू, कपाळाला मुंडावळ्या, आणि बापाच्या मनगटावर बोटं. ती एका पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ होती. रोज साठ-सत्तर लोकांचं रक्त काढायची आणि त्यातल्या कोणाचंही ऐकायची नाही.

"एकशे अठरा ठोके पडून राहिले, बाबा. जीभ सुकली. शरीरातलं पाणी सगळं तिकडं सुजेत चाललं. ते भरून नाही काढलं तर पहिले किडनी बसते, मग बाकीचं. मुंडावळ्या काढायलेही मी थांबत नाही. उठा."

"दवाखान्यात काय सांगशीन?"

"तुम्ही म्हणान ते."

"बोंबी सांगजो."

"सांगते."

तिनं सांगितलं नाही, तिला सांगायची वेळच आली नाही.

गाडीत चालवायला मुलगा प्रीतम, मागे वाकलेले प्रेमानंद, त्यांची उशी, सुभद्रा आणि धोंडबा. इंदूबाई पुढे, मांडीवर लोटा. दीक्षा अमोलच्या मोटरसायकलवर मागून, शालू सांभाळत. आणि मनोहरराव आपल्या गाडीत, कोणी बोलावलेलं नसताना. दीडशे माणसं मांडवात उरली. त्यांना जेवून घ्या असं कोणी सांगितलं नाही, म्हणून टँकरजवळच्यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांना वाढलं.

*

अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव नंदिनी होतं. त्यांनी प्रेमानंदांच्या पोटावर हात ठेवला, ते ओरडले. मग बाईंनी बेंबीभोवतीच्या लाल गोल वळाकडे बोट दाखवलं.

"हे कशाचं?"

"लोटा," चौघं एकदम म्हणाले.

बाईंनी तसं लिहून घेतलं. मग सलाईन जोडता जोडता तो प्रश्न विचारला. दारू घेतात का?

पुढे झालं ते प्रत्येकानं घरच्या माणसाच्या भल्यासाठी केलं.

"शिवलीसुद्धा नाही कधी," सुभद्रा म्हणाली.

"बोंबी सरकली," इंदूबाई म्हणाली.

"मी घेत होतो. हे नाही," धोंडबा म्हणाला.

"तुम्ही पेशंट आहात?"

"दोन वेळा होतो, मॅडम."

"पाचव्या शीलावर अडकले," मनोहरराव मागून म्हणाले.

आणि प्रीतम म्हणाला, "असेल."

सुभद्रेनं मुलाकडे असं पाहिलं की त्यालाही सलाईन लागावी. पण प्रीतमनं विचार करून बोललं होतं. चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, हिंगण्याची शिफ्ट करून संध्याकाळी घरी आला की आजही दारात बापासमोर हा करायचा. बापानं कधी कोणासमोर हा केलं नव्हतं. जो माणूस कधीच तपासला गेला नाही, त्याच्याबद्दल शपथेवर सांगायचं तरी काय? आणि असेलच, तर डॉक्टरला माहीत असलेलं बरं. नसेल, तर नुकसान काय?

नुकसान लगेच झालं. डॉ. नंदिनींनी लिहिलं: मद्यपान, नातेवाइकांच्या सांगण्यात तफावत.

"मॅडम, ते खोडा ना," प्रेमानंद वाकल्या वाकल्या म्हणाले. दुखणं कमी करायचं इंजेक्शन अजून दिलेलं नव्हतं, तरी त्यांनी आधी हेच मागितलं.

"कारण कोणतंही असो, काका, आजचा इलाज तोच राहणार. पाणी, दुखण्याचं औषध आणि नजर. सुजलेली ग्रंथी कारण विचारत नाही."

"पण लोक विचारतात."

"मग लोकांना सांगा की दारूच्याही आधी पित्ताशयातल्या खड्यांचा नंबर लागतो. खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकतो, तिथे स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. ती तुंबली की अन्न पचवणारा रस ग्रंथीलाच पचवायला लागतो. काहींना रक्तातली चरबी फार वाढून होतं, काहींना एखाद्या औषधानं. विंचू चावूनही झाल्याची नोंद आहे."

"विंचू चालते," प्रेमानंद पटकन म्हणाले. "विंचू लिहा."

*

दोन तासांनी रिपोर्ट आला. दीक्षानं तो खिडकीवरून घेतला आणि चालता चालताच वाचला. एवढी वर्षं ती हे आकडे दुसऱ्यांच्या नावापुढे लिहीत आली होती. बापाच्या नावापुढचा आकडा तिनं दोनदा वाचला.

"लायपेज दोन हजार एकशे चाळीस. साठपर्यंत पाहिजे."

"म्हणजे किती पिले?" मनोहररावांनी विचारलं.

"मामाजी, हे पिल्याचं माप नाही. स्वादुपिंड सुजलं की हा रस रक्तात उतरते. तिप्पट असला तरी पुरे, इथं पस्तीसपट हाय. अन् आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असंही नाही. तीन गोष्टी पाहतात. ठरावीक जागेचं दुखणं, रक्तातला आकडा अन् फोटोतली सूज. तीनपैकी दोन जमल्या की निदान पक्कं. आपल्या दोन जमल्या."

"तिसरी?"

"सोनोग्राफीत गॅसच्या आड स्वादुपिंड दिसलं नाही. पण पित्ताशय दिसलं." तिनं दुसरा कागद वर केला. "खडे. चार-पाच. नळीही फुगली."

इंदूबाईनं लोटा दुसऱ्या मांडीवर घेतला आणि म्हणाली की खडे असतील, पण ते बोंबी सरकल्यावरच खाली आले असतील. तिच्याशी वाद घालायची कोणाची तयारी नव्हती.

डॉ. नंदिनींनी प्रेमानंदांना विचारलं, "याआधी कधी सोनोग्राफी केली होती?"

"नाही," सुभद्रा म्हणाली.

"झाली होती," प्रेमानंद म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. इंजेक्शननं दुखणं आता बोलण्याइतकं उतरलं होतं. त्यामुळे न बोलायला सबब उरली नव्हती.

"दोन वर्षांखाली. निवृत्त कामगारांचं शिबिर होतं. खडे आहेत, ऑपरेशन करून घ्या म्हणले."

"मंग सांगितलं काहून नाही?" सुभद्रेचा आवाज चढला. "मी तुमची बायको हाय का समितीची सभासद?"

"खडे दुसऱ्या ओळीत होते," प्रेमानंद म्हणाले. "पहिल्या ओळीत लिवरवर चरबी लिहिली होती. वस्तीत लिवर कशानं खराब होते हे मीच दहा वर्षं पोस्टर लावून सांगून राहिलो. तो कागद घेऊन मी कोणापुढं जाऊ? पहिल्या ओळीपायी दुसरीही लपवली."

"कुठं?"

"समितीच्या शपथपत्रांच्या फायलीत. ती कोणी उघडत नाही."

"वजन, साखर, तेलकट यानंही यकृतावर चरबी चढते, काका," डॉ. नंदिनी म्हणाल्या.

"पोस्टरवर ते नव्हतं."

"पोस्टर कोणी केलं होतं?"



प्रीतम कॉटच्या कडेला आला. "बाबा, मी 'असेल' म्हटलं."

"ऐकलं. पोट दुखत होतं, कान नाही." मग प्रेमानंदांनी त्याला जवळ यायची खूण केली, मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाच्या तोंडासमोर तोंड उघडलं. "हा. घे. हुंग."

प्रीतमनं हुंगलं. नियमाप्रमाणे जेवढा वेळ लागतो तेवढा लावला.

"उलटीचा वास येऊन राहिला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला वासही कारणीभूत असू शकतो.

*

पुढचे तीन दिवस धोंडबा वॉर्डात राहिला. त्याला कोणी राहा म्हटलं नव्हतं, पण वॉर्ड कसा चालतो ते घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. लघवी मोजून कुठे लिहायची, कोणत्या सिस्टरला कधी काही विचारायचं नाही, भूक लागली की आधी पेज मागायची आणि पेज पचली तरच खिचडीचं नाव काढायचं. मंगळवारी भेटीच्या वेळेत दीक्षा आणि अमोलनं कॉटजवळ एकमेकांना अंगठ्या घातल्या. सिस्टरनं पाच मिनिटं दिली होती, चार पुरली.

त्या दुपारी प्रेमानंदांनी विचारलं, "तुले एवढंच दुखलं होतं?"

"एवढंच. दुसऱ्या वेळेस जरा जास्त."

"संगं कोण होतं?"

"दुसऱ्या वेळेस? कोणी नाही. बाजूच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेनं पाणी देलं."

प्रेमानंदांना ती वेळ आठवत होती. निरोप आला होता. तेव्हा त्यांनी वस्तीतल्या एका लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पिऊन दुखते त्याले दुखणं म्हणत नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रविवारपासून त्यांच्याकडे दुखणं मोजायचं नवं साधन आलं होतं आणि त्यात कारणासाठी वेगळा काटा नव्हता.

"तुह्यातही खडे असतीन," ते म्हणाले. "पाहिले नसतीन नीट."

"पाहिले होते, दादा. नव्हते. माहं दारूनंच होतं. खोटं कायले बोलू?"

प्रेमानंद कुशीवर वळले.

बुधवारी मनोहरराव आले. अंगठ्या झाल्या ते झालं, म्हणाले, पोरगी कामाची आहे, पण पत्रिका छापायच्या आधी तेवढा कागद दुरुस्त करून घ्या. खाप्यात लोक तो वाचणार नाहीत, पण वाचल्यासारखं बोलतील. डॉ. नंदिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, नोंद खोडता येत नाही, खाली जोडता येते. त्यांनी खाली जोडलं: सोनोग्राफीत खडे, आजाराचं कारण तेच. सूज उतरली की सुटी व्हायच्या आत पित्ताशय काढायचं ठरलं. मनोहररावांचं समाधान झालं. सुभद्रेचं झालं. प्रेमानंदांचं झालं नाही. त्यांनी प्रीतमकडून कोरे कागद मागवले, उशी पोटाशी धरली आणि कारखान्यात तक्रारी लिहीत तशा सरळ ओळीत लिहिलं:

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,

विषय: आजाराच्या कारणाच्या नोंदीबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार प्रेमानंद मेश्राम, वॉर्ड क्रमांक चार, कॉट क्रमांक अकरा, अर्ज सादर करतो की माझ्या कागदावर मद्यपानाबाबत तफावत अशी नोंद असून ती तशीच राहू द्यावी, त्याबद्दल माझी आता तक्रार नाही. तथापि, माझे सख्खे धाकटे बंधू धोंडबा मेश्राम यांना सन २०१४ व सन २०१७ मध्ये हाच आजार झाला असून त्यांच्या दोन्ही कागदांवर कारण दारू असे लिहिले आहे. ते कारण खरे आहे. ते आपल्या रुग्णालयात दाखल नव्हते याचीही मला जाणीव आहे. दोन्ही वेळी त्यांच्यासोबत घरचे कोणी हजर नव्हते. तरी सदर दोन्ही आजारांचे कारण मागील तारखेपासून 'खडा' असे करण्यात यावे, आणि 'सोबतचे नातेवाईक' या रकान्यात माझे नाव लिहून, मी दोन्ही वेळी पहिल्या दिवसापासून हजर होतो असे प्रमाणित करून मिळावे, ही नम्र विनंती.